घरचा संगणक बाहेरून उघडताना

प्रश्न : राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे त्यावर बाहेरून येणारी जोडणी घरच्या संगणकाकडे वळवली), तरी ऑफिसमधून घरचा संगणक लागत नाही. घरातल्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप व्यवस्थित चालतो.

घरात चालतो, म्हणजे संगणकात रिमोट डेस्कटॉप (एका संगणकावरून दुसरा चालवण्याची विंडोजची सोय) सुरू आहे. आता राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असले तर पत्ता सार्वजनिक आहे; मग फॉरवर्डिंगमध्ये संगणकाचा जुना आयपी राहून गेलाय का ते तपासा. डीएचसीपी रिझर्व्हेशन (राउटरने संगणकाला नेहमी एकच पत्ता देण्याची सोय) केलं नाही, तर संगणकाचा पत्ता बदलू शकतो.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना वाटून दिलेला असतो. बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून राउटरमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा सार्वजनिक) आयपी घ्या किंवा टेलस्केल ही आपले संगणक खासगी नेटवर्कने जोडणारी सेवा वापरा. त्यात दोन्हीकडचे संगणक आतून बाहेर जोडले जातात, त्यामुळे पोर्ट उघडावाच लागत नाही. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरचा डबाच राउटरचंही काम करतोय. तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम तुमचा राउटर एकटाच करेल.

प्रश्न : माझा आयपी सार्वजनिक आहे. ३३८९ऐवजी दुसरा पोर्ट दिला तर सुरक्षित राहीन ना?

नाही. उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. बदललेला आकडाही त्यांना सापडतो. मे २०१९मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीत तर विंडोज ७सारख्या जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. रिमोट डेस्कटॉपचं फॉरवर्डिंग आजच काढा आणि वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) बसवा. राउटरमध्ये त्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर संगणकावर बसवून यूडीपी ५१८२० हा त्याचा पोर्ट तेवढा फॉरवर्ड करा. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

इथे एक गोष्ट हमखास अडते. घरचं आणि तुम्ही बसलात तिथलं, दोन्ही नेटवर्क १९२.१६८.१.० असतील तर बोगदा जोडलेला दिसतो, पण घरचा संगणक सापडत नाही. घरचं नेटवर्क आधीच १९२.१६८.५७.०सारखं वेगळं करून ठेवा.

प्रश्न : विंडोज होम आहे. प्रो विकत घ्यावं का?

एवढ्यासाठी नको. होममधून दुसऱ्या संगणकावर जाता येतं, पण होम असलेल्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क वापरा. दोन्ही सीजीनॅटमागेही चालतात.

प्रश्न : बाहेर असताना संगणक झोपतो, मग काहीच करता येत नाही.

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. वीज गेल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ द्या. काही बोर्डांवर नाव थोडं वेगळं असतं. राउटर आणि फायबरचा डबाही यूपीएसवर हवेत.

संगणक बंद ठेवून लागेल तेव्हाच जागा करायचा असेल, तर वेक-ऑन-लॅन आहे. बायोस आणि नेटवर्क कार्ड, दोन्हीकडे ते चालू करा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि वायफायऐवजी केबल लावा. जागं करणारं पॅकेट घरच्याच नेटवर्कमधून सुटावं लागतं. ते ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवलेलं असतं, आणि वायरगार्डच्या बोगद्यातून ब्रॉडकास्ट जात नाही. म्हणून वायरगार्ड राउटरवर किंवा सतत चालू असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ठेवा आणि तिथूनच पॅकेट सोडा. वायरगार्ड त्याच संगणकावर असेल, तर संगणक बंद पडल्यावर आत शिरायला वाटच उरत नाही.