सील परत लीक झालं आणि गॅरेजवाला पिकअप सोडेना, काय करायचं?

नारायणगावकडच्या एका दादांचा मेसेज आलाय, लांबलचक आहे म्हणून आवरून देतो. पिकअप स्वतःची, फायनान्सवर घेतलेली, चालवतातही स्वतः, कधीमधी चुलतभाऊ बसतो, टोमॅटोचे क्रेट वाशी मार्केटला नाहीतर कल्याणला. मागच्या उजव्या चाकाच्या आतून ऑइल यायला लागलं, टायरवर काळे ओघळ, म्हणून ओळखीच्या गॅरेजला टाकली. त्याने ॲक्सलचं ऑइल सील बदललं, २,८०० घेतले, साध्या कागदावर हाताने लिहून दिलं. महिना झाला नाही तोवर परत लीक, आणि माळशेज उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. कशीबशी आणून परत त्याच गॅरेजला लावली. त्याने न विचारता शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), बेअरिंग, लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या), सील सगळं नवं टाकलं, ब्रेकचा ड्रम टर्न करून म्हणजे लेथवर घासून आणला, बिल सांगितलं १६,४००. आता म्हणतो पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, वर रोजचे २०० पार्किंगचे, आणि पंधरा दिवसात नेली नाही तर विकून वसूल करीन.

दादांचं विचारणं असं की दुसरी चावी घरात आहे, रात्री जाऊन गाडी काढून आणू का, तो खरंच विकू शकतो का, आणि पहिल्या कामाचे पैसे आणि बुडालेल्या खेपा मिळतील का.

दादा, आधी त्या चावीचं. नका करू. तुम्ही म्हणाल माझीच गाडी, आरसी माझ्या नावावर, मग चोरी कसली, तर आपल्या वस्तूचीही चोरी होते आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची उदाहरणं दिलीत, जुन्या आयपीसीच्या ३७८ मध्येही हीच होती, त्यात एक घड्याळाचं आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, दुकानदाराने त्या पैशापोटी घड्याळ कायदेशीर अडवून ठेवलंय आणि मालकाने त्याचं ते तारण बुडवायच्या इराद्याने घड्याळ उचलून नेलं, तर ती चोरी. त्याच्याच आधीच्या उदाहरणात काहीच देणं नसताना मालक उघडपणे आपलं घड्याळ घेऊन जातो, ती चोरी नाही. तुमच्या केसमध्ये काही देणं आहे की नाही हाच वाद आहे, मग तो वाद रात्री कुलूप तोडून कशाला ठरवायचा, सकाळी स्टेशनला तुम्ही आरोपी आणि तो फिर्यादी. आत्ता पारडं तुमच्याकडे झुकतंय, ते उलटं होईल.

आता त्याचा हक्क किती ते बघू. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० म्हणतं की वस्तू ज्या कामासाठी दिली ते काम मेहनत किंवा कसब लावून केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे मिस्त्री गाडी अडवू शकतो, हे खरंय. पण त्याच कलमात शिंप्याचं उदाहरण आहे, कापड कोट शिवायला दिलं आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे ठरले, तर शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुमचं आणि त्याचं कधी "माल निघाल्यावर दे" असं बोलणं झालं असेल, व्हॉट्सॲपवर एखादा व्हॉइस मेसेज असेल, तर तो डिलीट करू नका.

विकायचा हक्क मात्र त्याला नाही. अडवून ठेवणं वेगळं आणि विकणं वेगळं. आणि विकणार तरी कशी, आरटीओत ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० वर तुमची सही लागते, आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला आहे, त्यांच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) काही हलत नाही. भीती आहे ती पार्ट काढून विकायची. तसं काही दिसलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो, न्याय संहितेचं कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, तेव्हा पोलिसात जा. आत्ता गेलात तर दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतील, तो दिवस वाया. रोजचे २०० हे आधी ठरलेलं नसेल तर उगाच आहे, गाडी तो स्वतःच्या वसुलीसाठी धरून बसलाय, तिचं भाडं तुमच्या माथी कसं?

खरा मुद्दा पुढे आहे आणि तो तुमच्या मेसेजमध्येच पडलाय, तुमचं लक्ष गेलेलं नाही. ऑइल सील म्हणजे रबरी ओठ असलेली रिंग, ती फिरत्या भागावर घासत राहते आणि हौसिंगमधलं (ॲक्सलच्या कवचातलं) ऑइल ड्रममध्ये जाऊ देत नाही. नवं सील महिन्यात गळायला लागलं तर कारणं ठरलेली असतात. बसवताना हातोडीने ठोकून वाकडं बसलं, बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आहे म्हणून शाफ्ट हलतो, सील घासतं तिथे चर पडलीय, हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडायची वाट) चिखलाने बुजलाय आणि गरम झाल्यावर आतलं प्रेशर ऑइल बाहेर ढकलतंय, नाहीतर ऑइलच जास्त भरलंय. चर पडलीय का हे कळायला मशीन लागत नाही, जागा पुसून नख आडवं फिरवायचं, नख अडकलं की समजायचं. हे सगळं शाफ्ट बाहेर काढल्यावर समोर दिसतं आणि सील बदलायला शाफ्ट बाहेर काढावाच लागतो.

मग आता त्याने शाफ्ट आणि बेअरिंग खराब होतं म्हणून बदललं, तर ते महिन्यात खराब झालं का? शाफ्टला चर काही आठवड्यात पडत नाही. म्हणजे पहिल्या वेळीही ते तसंच होतं आणि त्याने त्याच शाफ्टवर नवं सील चढवून तुम्हाला गाडी घाटात पाठवली. त्याचं १६,४०० चं बिल हाच तुमचा साक्षीदार आहे, म्हणून ते बिल तोंडी नको, आयटमवार, तारखेसकट, सहीचं घ्या. देत नसेल तर तेही लिहून ठेवा, पैसे घेऊन पावती न देणं ही ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुना शाफ्ट, जुनं बेअरिंग, दोन्ही जुनी सीलं, तेल प्यायलेले लायनर, सगळं मागून घ्या, ते तुमच्या मालकीचं आहे. सीलच्या ओठाचा, चरीचा फोटो जवळून काढा, मागे गाडीचा नंबर दिसेल असा एक तरी. भंगारवाल्याने उचलायच्या आत.

पण एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय आणि खरं उत्तर द्या. पहिल्या वेळी तो म्हणाला होता का की "बेअरिंग पण गेलंय, बदलावं लागेल" आणि तुम्ही म्हणालात "आत्ता फक्त सील टाक, सीझन चालू आहे"? असं झालं असेल तर केस बरीच पातळ होते, कोर्टात तो हेच सांगणार. तसं नसेल तर सेवेतली त्रुटी सरळ दिसते.

आणि सगळे १६,४०० माफ होतील असंही समजू नका. शाफ्ट आणि बेअरिंग झिजलेलंच होतं तर ते कधीतरी तुम्हाला घालावंच लागलं असतं, त्याचे पार्टचे वाजवी पैसे द्यावे लागतील, न विचारता टाकलं तरी गाडीला लागलेल्या पार्टचा फायदा तुम्हीच घेणार. भांडायचं ते पहिल्या २,८०० वर, दुसऱ्यांदाच्या सील-ऑइल-मजुरीवर, आणि लायनर-ड्रमवर, कारण ऑइल लायनरला लागलं ते त्याच्या कच्च्या कामामुळे आणि तेल प्यायलेले लायनर धुऊन परत वापरण्यात अर्थ नसतो.

माझा सल्ला असा की पैसे भरा आणि गाडी सोडवा. हो, वकील असून सांगतोय. सीझनला गाडी आठवडाभर उभी राहिली तर जे बुडेल ते या बिलापेक्षा जास्त. पण भरताना रोख नको, यूपीआय किंवा बँकेतून, आणि त्याच्या आधी व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने चार ओळी, की बिल मला मान्य नाही, गाडी अडवून ठेवल्यामुळे हक्क राखून अंडर प्रोटेस्ट (विरोध नोंदवून) भरतोय, पार्किंगचे पैसे नाकारतोय, जुने पार्ट परत दे. गाडी ताब्यात आली की त्याच दिवशी दुसऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये चाक उघडून दाखवा आणि लेखी रिपोर्ट घ्या, ब्रीदर साफ आहे का तेवढं बघायला सांगा, नाहीतर तिसऱ्यांदा हेच. पैसे भरणं अगदीच शक्य नसेल तर ग्राहक आयोगात तक्रारीबरोबर अंतरिम अर्ज करता येतो, ग्राहक कायद्याचं कलम ३८(८), वादातली रक्कम आयोगात जमा करतो गाडी सोडायचा आदेश द्या म्हणून, पण त्याला वेळ जातो.

ग्राहक आयोगात समोरचा पहिली आरोळी ही ठोकणार की गाडी मालवाहतुकीची, धंद्याची, हा ग्राहकच नाही. घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) खाली स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात अगदी हेच सांगितलं, रिक्षा स्वतः चालवणारा, ट्रक स्वतः चालवणारा ग्राहकच, मदतीला एकदोन माणसं असली तरी. स्पष्टीकरणात शब्द वस्तूंचा आहे, सेवेचा नाही, तेवढ्यावर एखादा वकील कीस पाडेल, म्हणून तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा की गाडी एकच आहे, मी स्वतः चालवतो, घर यावरच चालतं, चुलतभाऊ फक्त मदतीला. हे वाक्य लिहायचं राहिल्यामुळे चांगल्या तक्रारी पडलेल्या आहेत.

तक्रार तुमच्याच जिल्ह्यात, पुणे जिल्हा आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. मोबदला, म्हणजे कामापोटी दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, कधीकधी एवढ्यावर गॅरेजवाला तडजोडीला येतो.

बुडालेल्या खेपांचं जरा अवघड आहे. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे जे नुकसान सहज होणारं आहे किंवा काम देताना दोघांना माहीत होतं तेवढंच मिळतं, आणि नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं तेही बघतात. भाड्याने दुसरी गाडी लावली असेल तर त्याच्या पावत्या, मार्केटच्या गाळ्यावरच्या आधीच्या महिन्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), हे जोडा. "रोज पाच हजार बुडतात" असं नुसतं लिहून काही पदरात पडत नाही.

आणि एक बोलायला नको पण बोलतो. ब्रेक ओढतोय कळल्यावरही तुम्ही माळशेज उतरून गाडी चालवत आणलीत. दोष माहीत असताना धोकादायक गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १,५०० दंड, आणि त्यात कोणाला लागलं किंवा कोणाचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही, तेव्हा मिस्त्रीवर ढकलून सुटका होत नाही. पुढच्या वेळी क्रेन, तिची पावती पण दाव्यात लावता येईल. तक्रारीत घाटाचा प्रसंग जसा घडला तसाच लिहा, वाढवू नका आणि लपवूही नका.

फायनान्स कंपनीला आजच एक मेल टाका की गाडी दुरुस्तीच्या वादात अडकलीय. हप्ता त्याने थांबत नाही, तो भरावाच लागेल, पण उद्या वसुलीवाले दारात आले तर तुमच्या हातात तारखेसकट काहीतरी कागद असेल.