जॅझमध्ये इम्प्रोव्हाइज करताना, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवताना, स्केल (ओळीने येणारे सूर) धरून वाजवायचं की कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून?
आधी कॉर्ड. नुसतं स्केल खालीवर फिरवलं तर सूर चुकत नाही, पण गाणं कुठे चाललंय तेही कळत नाही. डी मायनर सेवन, जी सेवन, सी मेजर सेवन ही पावलोपावली भेटणारी तीन कॉर्डची जोडणी घ्या. पहिल्या कॉर्डमधला सी हा सूर अर्ध्या सुराने उतरून जी सेवनचा बी होतो. मग जी सेवनचा एफ तसाच उतरून सी मेजर सेवनचा ई. हे सूर कॉर्ड बदलण्याच्या ठोक्यावर नेमके पडले, की साथ नसतानाही कॉर्ड ऐकू येतात. मधल्या जागा नंतर भरा.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’सारख्या मोडल रचनेत (जिथे कॉर्ड सतत बदलत नाहीत, एकेक स्केल बराच वेळ चालतं) मात्र स्केलच कामाचं: ३२ बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) दोनच मोड, म्हणजे दोनच स्केल. तिथे खरा कस लयीचा, आणि गप्प राहण्याचा (मला अजून जमत नाही).