राष्ट्रगीताला उभी न राहणारी मुलगी

प्रश्न: आम्ही सिडनीत पॅरामॅटाला राहतो. माझी दहा वर्षांची मुलगी असेंब्लीत राष्ट्रगीताला उभी राहत नाही. "ही जमीन चोरलेली आहे," म्हणते. शाळेतून ईमेल आला. येत्या २६ जानेवारीला आमचा नागरिकत्वाचा समारंभ आहे. हे म्हणतात, ज्या देशाचं खातो त्याच्याशी असं वागू नये. सासूबाई आल्या आहेत, त्या मलाच बोल लावतात. तिला गप्प कसं करू?

उत्तर: ताई, तिला गप्प करू नका. तुमच्या यजमानांची धास्ती मला कळते. व्हिसा, मग पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मग नागरिकत्व, या सगळ्यात इतकी वर्षं गेली की खाली मान घालून राहायची सवय लागते. पण ती सवय आपली आहे, मुलीला का लावायची? ती इथे वाढते आहे. या देशाला प्रश्न विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

मात्र तिचं ते वाक्य तिचं स्वतःचं आहे की कुठून ऐकलेलं, हे बघा. विचारा तिला, कोणाची जमीन? कधी घेतली? सांगता आलं नाही तर दोघी मिळून शोधा. तुम्ही राहता तो भाग मूळ रहिवासी दारूग लोकांचा, त्यांच्यातल्या बरमाटागल कुळाचा. पॅरामॅटा हे नाव त्यांच्याकडूनच आलं. ब्रिटिश गव्हर्नर मॅक्वारीने १८१४ साली याच पॅरामॅटात 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' ही शाळा काढली. ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून साहेबी वळण लावायचं, हा तिचा उद्देश. दहा वर्षांच्या मुलीला हे लगेच समजतं, कारण तिथे ठेवलेली मुलं तिच्यासारखीच लहान होती.

आता २६ जानेवारी. १७८८ साली या दिवशी कॅप्टन फिलिपने सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा लावला. त्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९३८ मध्ये, सरकारने शहरात मोठा सोहळा केला. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, विल्यम कूपर हे ॲबोरिजिनल नेते आणि त्यांच्या सोबत्यांनी 'शोक दिन' पाळला. त्यांना हॉलच्या मागच्या दाराने आत जावं लागलं. त्यांची मागणी काय होती? पूर्ण नागरिकत्व आणि समान हक्क. जे तुम्हाला येत्या २६ जानेवारीला समारंभाने मिळणार आहे, ते या भूमीच्या मूळ माणसांना त्याच तारखेला मागावं लागत होतं. हे तुमच्या यजमानांनाही सांगा.

सासूबाईंनाही या तारखेची एक गोष्ट सांगता येईल. आपल्याकडे १९३० पासून २६ जानेवारी हा दिवस पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेऊन पाळला जाई, म्हणून तर १९५० साली प्रजासत्ताकासाठी तोच निवडला. म्हणजे १९३८ च्या त्या दिवशी इकडे आणि तिकडे, दोन्हीकडची माणसं एकाच साम्राज्यात आपला हक्क मागत होती. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक का, हे नात विचारते तेव्हा आजीने कानावर हात ठेवायचं कारण नाही.

प्रश्न विचारल्याने देश मोडत नाहीत. राष्ट्रगीतात 'तरुण' होतं तिथे २०२१ पासून 'एक' आलं, कारण हजारो वर्षं इथे राहणाऱ्यांना तरुण देश म्हणणं खटकत होतं. हॅरॉल्ड थॉमस यांनी काढलेला काळा, लाल, पिवळा ॲबोरिजिनल झेंडा १९७१ मध्ये ॲडलेडला पहिल्यांदा फडकला. १९९५ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. उलटही घडतं. २०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांच्या 'व्हॉइस'ला, म्हणजे संसदेला सल्ला देणाऱ्या त्यांच्या मंडळाला, साधारण ६० टक्के मतदारांनी नकार दिला. तिच्या मैत्रिणींच्या घरीही दोन्ही मतं असतील. म्हणून वेगळं मत असलेल्याला वाईट ठरवायचं नाही, एवढं मात्र तिला नीट समजावा.

आणि मग आपल्याकडे वळा. मंडळाच्या गणपतीला आपण वारली चित्रांच्या साड्या मिरवतो. त्या वारल्यांना डहाणू-तलासरीत जमीनदारांकडे वेठबिगारी करावी लागे. तिच्याविरुद्ध ते १९४५ मध्ये उठले, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. किती मराठी घरांत हे मुलांना सांगितलं जातं? ऑस्ट्रेलियाचे दोष शोधायचे आणि आपले झाकायचे, हे मुलांच्या चटकन लक्षात येतं.

शाळेच्या ईमेलला असं उत्तर द्या: ती गाणं चालू असताना गडबड करणार नाही, गायचं की नाही, उभं राहायचं की नाही, हे ठरवायला तिला थोडा वेळ द्यावा, आणि तिला वर्गात दारूग लोकांबद्दल बोलायचं आहे, तर दहा मिनिटं मिळतील का? समारंभाची तारीखच तुम्हाला टोचत असेल तर कौन्सिलला, म्हणजे तुमच्या नगरपालिकेला, फोन करा. २६ च्या मागेपुढे तीन दिवसांत समारंभ ठेवायची मुभा कौन्सिलांना आहे, दुसरा दिवस असेल तर मिळू शकेल. सोळाच्या आतल्या मुलांना प्रतिज्ञा घ्यावी लागत नाही, तेव्हा त्या दिवशी तिच्यावर कसलीच सक्ती नाही. पण तुम्ही जी प्रतिज्ञा घेणार आहात ती घरी तिला आधी वाचून दाखवा. त्यात राजाचं नाव नाही; निष्ठा ऑस्ट्रेलियाशी आणि इथल्या लोकांशी आहे. ते लोक म्हणजे कोण कोण, हे तिला तुम्हाला विचारू द्या.