ताश्कंदमध्ये वाढलेल्या कोरियन माणसाला 'खरा कोरियन' म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की चाकणच्या तुमच्या कारखान्यात एक कोरियन इंजिनिअर आला आहे. जन्म ताश्कंदचा, कॉलेज सोलचं. घरच्यांशी फोनवर रशियन बोलतो आणि सोलहून आलेले बाकीचे सहकारी त्याच्या पाठीमागे त्याला 'रशियन' म्हणतात. मग त्याला कोरियन म्हणायचं की नाही?

म्हणायचं, आणि अजिबात न कचरता म्हणायचं. कझाकस्तानात अल्माटीला डॉक्टरकी शिकत असताना मी होस्टेल सोडून एका कोरियन आजींच्या घरी खोली भाड्याने घेतली होती. या लोकांबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं त्या घरात कळलं. त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही. या माणसांवर माझा जीव आहे.

तुमच्या सहकाऱ्याचं घराणं ताश्कंदला नोकरीधंद्यासाठी गेलेलं नसणार. १८६० च्या दशकात कोरियाच्या अगदी उत्तरेकडच्या हामग्योंग भागातले शेतकरी उपासमारीला कंटाळून तुमेन नदीपलीकडे रशियात जायला लागले. पुढे जपानने कोरिया गिळल्यावर आणखी लोक गेले. व्लादिवोस्तोकच्या आसपास त्यांची गावं वसली, कोरियन शाळा निघाल्या, १९२३ मध्ये वर्तमानपत्र आणि १९३२ मध्ये नाटक मंडळी उभी राहिली. आणि १९३७ च्या शरद ऋतूत स्टालिनच्या सरकारने, हे लोक जपानसाठी हेरगिरी करतील असं कारण देऊन, सगळ्यांना उचललं. सुमारे १ लाख ७२ हजार माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडली. कझाकस्तानातल्या उश्तोबे स्टेशनवर उतरवलेल्यांनी पहिला हिवाळा बास्तोबे टेकडीच्या पायथ्याशी जमिनीत खड्डे खणून काढला. कितीतरी लहान मुलं आणि म्हातारी माणसं गेली. आजूबाजूच्या कझाक लोकांनी, ज्यांनी स्वतः काही वर्षांपूर्वीच भयानक दुष्काळ भोगला होता, त्यांना भाकरी दिली. आजींची आई त्या गाडीत होती. हे सांगताना आजी भाकरी देणाऱ्यांबद्दलच जास्त बोलायच्या.

आता माझा मुख्य मुद्दा. दक्षिण कोरिया हे राज्य स्थापन झालं १९४८ मध्ये. या लोकांनी देश सोडला त्याच्या कितीतरी आधी. शिवाय ज्या हामग्योंगमधून बहुतेकांचे पूर्वज निघाले तो भाग आज उत्तर कोरियात आहे. म्हणजे सोल हे तुमच्या सहकाऱ्याच्या पूर्वजांचं गाव बहुधा कधीच नव्हतं. ते निघाले तेव्हा जे राज्य जन्मालाही आलं नव्हतं, त्या राज्याच्या आजच्या राजधानीतली बोली, तिथल्या शाळेतले शिष्टाचार, तिथल्या टीव्हीवरची गाणी याला ठाऊक आहेत का, यावरून याचं कोरियनपण मोजायचं हे मला अन्यायाचं वाटतं. तो कोरियन म्हणून कमी पडत नाही. त्याचं कोरियनपण वेगळ्या वाटेने आलेलं आहे, आणि ती वाट फार खडतर होती.

भाषेचंच बघा. १९३८ मध्ये तिथल्या कोरियन शाळा रशियन माध्यमाच्या करून टाकल्या. पुढच्या पिढ्यांनी भाषा 'सोडली' असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं. घरात जी उरली ती आजीआजोबांची हामग्योंगची जुनी बोली, आणि ती सोलमध्ये खेडवळ वाटते. तरी ती नाटक मंडळी टिकली. व्लादिवोस्तोकहून उखडून कझाकस्तानातल्या किझिलओर्दाला आणि पुढे अल्माटीला आली, आणि अजून कोरियनमध्ये नाटकं करते. मी गेले होते तेव्हा निम्मे प्रेक्षक कानाला यंत्र लावून रशियन भाषांतर ऐकत होते. जपानी सैन्याला लढाईत हरवणारा सेनानी होंग बोम-दो म्हातारपणी याच मंडळीत रखवालदार होता. १९४३ मध्ये तो किझिलओर्दाला वारला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अस्थी दक्षिण कोरियाने विमानाने नेऊन देजॉनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवल्या. म्हणजे मेलेला सेनानी आपला, हे लगेच पटतं. त्याच्या शेजारपाजारच्यांच्या नातवंडांचं काय?

त्या नातवंडांसाठी कायदा फार सावकाश हलला. परदेशस्थ कोरियनांसाठी १९९९ मध्ये कायदा झाला, त्यात अमेरिकेतले कोरियन बसत होते, पण १९४८ च्या आधी देश सोडलेल्यांचे वंशज, म्हणजे चीन आणि जुन्या सोव्हिएत संघातले बहुतेक सगळे, बाहेर राहिले. घटना न्यायालयाने २००१ मध्ये ते चूक ठरवलं, कायदा २००४ मध्ये सुधारला. पण मान्यता तिसऱ्या पिढीपर्यंतच होती. चौथ्या पिढीचं मूल आईबापांबरोबर कोरियात वाढलं तरी सज्ञान झाल्यावर ते 'परदेशी', त्याने देश सोडायचा. हे २०१९ मध्ये बदललं. आजींचा नातू दक्षिण कोरियातल्या आन्सानला एका कारखान्यात कामाला गेला. त्याच्या आईच्या सोव्हिएत पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'कोरियन' लिहिलेलं होतं, अल्माटीत सगळे त्याला कोरियनच म्हणत, आणि आन्सानला पोचल्यावर फोरमन त्याला 'ए रशियन' म्हणून हाक मारायचा. तुमच्या सहकाऱ्याचं हेच चाललंय.

आणि जपलेलं काय आहे म्हणाल, तर पुष्कळ. आजी म्हणायच्या, माणसाला आयुष्यात तीन मेजवान्या मिळाल्या पाहिजेत: पहिला वाढदिवस, लग्न आणि साठी. पहिल्या दोन आईबाप करतात, तिसरी मुलं करतात. पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे तांदूळ, दोरा, पुस्तक, कात्री मांडतात आणि ते काय उचलतं ते बघतात, आपल्याकडे काही घरांत उष्टावणाला करतात तसंच. ५ एप्रिलला सगळं घर दफनभूमीत जातं, थडगी साफ करतं, तिथेच खाणं मांडतं. आडनावं पाक, त्सोय, युगाय. नावं स्वेतलाना, विताली. पण थडग्यापुढे वाकायची रीत ठरलेली. कोबी मिळेना तेव्हा त्यांनी गाजर किसून त्यात लसूण, तिखट, धणे आणि व्हिनेगर घातलं, वरून कडकडीत तेल ओतलं. आज ते 'कोरियन गाजर' मॉस्कोपर्यंत प्रत्येक बाजारात मिळतं.

हे फक्त मध्य आशियातल्यांचंच आहे असंही नाही. ओसाकाच्या इकुनो भागातल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व १९५२ मध्ये एका झटक्यात गेलं. त्यांची तिथेच जन्मलेली नातवंडं जपानी बोलतात आणि त्यांच्यातले बरेच जण अजून जपानचे नागरिक नाहीत. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत दक्षिण कोरियातून जवळजवळ दोन लाख मुलं अमेरिका-युरोपात दत्तक गेली. त्यातल्या अनेकांची कागदपत्रं खोटी केली होती, आईबाप असताना अनाथ दाखवलं होतं, हे कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मान्य केलं. यांच्यापैकी कुणाला आधी भाषेची परीक्षा घेऊन मग कोरियन म्हणायचं?

कारखान्यात तुमच्या हातात काय आहे ते सांगते. त्याला 'तू नक्की कुठला?' असं विचारू नका, ते त्याने दोन्ही देशांत भरपूर ऐकलंय. त्याऐवजी १९३७ मध्ये त्याच्या घरचे कुठे उतरले ते विचारा. मी ज्या घरांत गेले तिथे मुलांनासुद्धा त्या स्टेशनाचं नाव ठाऊक होतं. आणि बाकीचे सहकारी पुन्हा 'रशियन' म्हणाले, तर तिथल्या तिथे त्याचं आडनाव घेऊन बोला. आडनावावरून तो कोण हे सोलच्या माणसाला निराळं सांगावं लागत नाही.