डोंगरावरचं तळं फुटतं कसं?

प्रश्न : मुलगा सिक्कीमला जाऊन आला, फोटोतल्या तळ्याचं पाणी दुधाळ निळं दिसतं. तिकडे असं तळं फुटून पूर आला होता म्हणे, ते कसं? – एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आपला हिप्परग्याचा तलाव आठवा, बांध मातीचाच पण माणसांनी दाबून दाबून बांधलेला आणि जादा पाण्याला सांडवा ठेवलेला. हिमनदीच्या तळ्याला असं कोणी काही करत नाही हो, बर्फ मागे सरकताना दगड, रेती, माती जे टाकून जातो तो ढीग म्हणजेच बांध, त्याला मोरेन म्हणतात, आणि कधी कधी त्याच्या पोटातही बर्फ असतो, तो वितळला की बांध खचतो. 2023 च्या ऑक्टोबरात, 3 तारखेच्या रात्री, सिक्कीममधल्या साउथ ल्होनाक या हिमनदीच्या तळ्यात कडेचा मोरेनच कोसळला, केवढी मोठी लाट उठली, बांध फुटला आणि तिस्ता नदीला असा लोंढा आला की खाली चुंगथांगचं अख्खं धरण वाहून गेलं. माणसं गेली, वाईट वाटतं अजून.

रंगाचं म्हणाल तर बर्फ खडकाला जात्यासारखा दळतो, ते पीठ इतकं बारीक की लवकर तळाशी बसतच नाही, ऊन पडलं की पाणी निळसर हिरवं दिसतं.