फ्रेंचमध्ये तारीख कशी सांगतात? साल फार अवघड जातं, सुटे सुटे आकडे सांगितले तर चालेल का?

नाही. समोरचा समजून घेईल, पण जन्मतारीख सांगताना सुटे आकडे ठीक नाहीत.

दिवस-महिन्यात काही दम नाही. 'ल', मग आकडा, मग महिना : 12 मार्च म्हणजे 'ल दूझ मार्स'. फक्त एक तारखेला 'प्रम्ये' म्हणायचं. आपला महाराष्ट्र दिन तिकडे कामगार दिनाची सुट्टी, 'ल प्रम्ये मे'. दोनपासून एकतीसपर्यंत साधे आकडे.

खरी गोची 70 ते 99 मधल्या सालांची. मी फ्रान्समध्ये लियोंला राहते, माझे दीर बेल्जियममध्ये ब्रसेल्सला. एकदा ते आमच्याकडे आलेले असताना माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते. काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख विचारली. मी एका दमात सांगितलं, 'ल कातोर्झ आव्रील मिल नफ सां कात्र-व्हँ-दूझ'. म्हणजे 14 एप्रिल 1992. 'कात्र-व्हँ' म्हणजे चार विसा, त्यावर 'दूझ', बारा. एका दमात हे महत्त्वाचं, कारण 'कात्र-व्हँ'वर अडखळलात की ऐकणारा 80 टाइप करून मोकळा होतो. बाई टाइप करतायत तोवर भावजी मध्येच, "नोनांत-द!" बेल्जियममध्ये नव्वदला 'नोनांत' म्हणतात. बाईंनी मान वर करून त्यांना विचारलं, "तुम्ही बेल्जियमचे का?" भावजी खूश! घरी येईपर्यंत एकच पालुपद : वहिनी, बेल्जियन आकडे सरळ, तुमचे फ्रेंच लोक वेडे.

आता ऐका. हेच भावजी 'एकोणनव्वद' बोलताना क्षणभरही थांबत नाहीत. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून घरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज यांचेच. एकवीसची मोडतोड खपत नाही, मग 'कात्र-व्हँ-दूझ'ने काय घोडं मारलंय? आणि सरळच हवं होतं तर ऐंशीला बेल्जियमसुद्धा 'कात्र-व्हँ'च का म्हणतं, याचं उत्तर भावजींनी आजवर दिलेलं नाही.

तेव्हा तुम्ही एकच करा. स्वतःचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं आणि आई-वडिलांचं जन्मसाल घोकून पाठ करा. फॉर्म भरताना, फोनवर, बँकेत तेवढीच लागतात. बाकी शंभरपर्यंतचे आकडे हळूहळू येतील.

हां, बेल्जियम किंवा स्वित्झर्लंडला जाणार असाल तर खुशाल 'नोनांत' म्हणा, तिथे तेच बरोबर. (भावजी, वाचत असाल तर हे तेवढ्यापुरतंच.) आणि तुमचा जन्म 2000 नंतरचा असेल तर तुमच्या स्वतःच्या सालाला यातलं काहीच लागू नाही. 2004 म्हणजे 'द मिल कात्र', संपलं.