सॉल्व्ह दाबण्याआधी

प्रिय लेकरा,

तुझा मेल दोनदा वाचला. पेरणी यंत्राच्या फणाचा ब्रॅकेट तू कॉम्प्युटरवर तपासलास, आतल्या कोपऱ्यात ताण ४१० मेगापास्कल. जाळी, म्हणजे हिशेबासाठी भाग ज्या छोट्या तुकड्यांत कापतो ती, निम्मी बारीक केलीस तर ५६०, अजून निम्मी केलीस तर ७७०. साहेब म्हणतात, चित्रात कोपऱ्यात दिसणारं लाल, म्हणजे जास्तीचा ताण, सोडून दे. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, प्लेट जाड कर. आणि तू मला विचारतेस, कोणाचं ऐकू?

कोणाचंच नको. दोघांपैकी एकानंही आकडा सांगितलेला नाही.

मला एवढंच सांग, सॉल्व्ह, म्हणजे हिशेब सुरू करायचं बटण, दाबण्याआधी तुझ्या वहीत काय लिहिलेलं होतं? काहीच नसणार. असतं तर मेलच्या पहिल्याच ओळीत तो आकडा आला असता. अपेक्षित उत्तर आधी कागदावर, मग सॉल्व्ह. वाळूजला आलीस तेव्हापासून हेच सांगतोय.

चल, आत्ता करू. फणावरची ओढ तू ३,००० न्यूटन धरलीस, टोकापासून ब्रॅकेटपर्यंत ५०० मिलिमीटर. गुणाकार १५ लाख, हा वाकवणारा जोर. फणाची पट्टी ५० बाय २५, ५०ची बाजू ओढीच्या दिशेनं. पंचवीस गुणिले पन्नासचा वर्ग, भागिले सहा, म्हणजे साधारण १०,४१७, ही पट्टीची वाकण्याला अडवायची ताकद. भाग दे. १४४ आलं. पोलाद २५० यील्डचं, म्हणजे तेवढ्या ताणाला कायमचं वाकायला लागतं; पट्टी तरते. तीच पट्टी फॅब्रिकेशनवाल्यानं फिरवून लावली तर २८८, म्हणजे फण वाकलाच. हे कळायला कुठलं सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं गं?

आता मॉडेलमध्ये कोपऱ्यापासून जरा खाली, पट्टीच्या पृष्ठभागावर प्रोब लाव, म्हणजे त्या बिंदूचा ताण वाच. तिथे १३०-१४० मिळायला हवेत. मिळाले तर भार, आधार, युनिट सगळं जागेवर आहे. नाही मिळाले तर कोपऱ्यावर बोलूच नकोस. रिॲक्शनची, म्हणजे आधारांनी दिलेल्या उलट बळांची, बेरीजही ३,०००च भरते का बघ, त्याला अर्धा मिनिट लागतो. आणि जाळीत चार नोडांचे टेट्रा, म्हणजे फक्त चार टोकांचे तुकडे, वापरू नकोस, फण असतो त्याहून ताठ दिसतो.

राहिला कोपरा. तू काटकोन काढलास, त्रिज्या शून्य. अशा आतल्या टोकाला ताण थिअरीतच अनंत असतो. जाळी निम्मी केलीस की आकडा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच चढणार, आणि चढतच राहणार. तुझे तिन्ही आकडे नेमके तसेच चढलेत. २५०ला पोलाद वाकतं, हे लिनिअर ॲनालिसिसला, म्हणजे भार वाढेल तसा ताण सरळ प्रमाणात वाढतो असं धरणाऱ्या हिशेबाला, माहीतच नसतं. तेव्हा तो ७७० खोटा, इतपत साहेब बरोबर. पण जागा खोटी नाही. दर हंगामात हादरे खाऊन चीर पडते ती कोपऱ्यातल्या वेल्डच्या कडेलाच. म्हणून त्या कडेपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे ताण वाच, त्यांतून सरळ रेघ कडेपर्यंत ने आणि तो आकडा रिपोर्टमध्ये टाक. पोळ्याला रंगवलेल्या शिंगांवरून बैलाची ताकद कळत नाही. लाल-हिरव्या चित्राचंही तेच.

मोठ्या लोकांचंही असंच होतं. २३ ऑगस्ट १९९१ला नॉर्वेच्या खाडीत स्लाइपनर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया बुडाला. भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथली जाळी ढोबळ होती, शिअरचा, म्हणजे कातरणारा, ताण ४७ टक्के कमी दाखवला गेला. नंतर बारकाईनं हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती फुटली ६५ला. म्हणजे आकडा हाताशी येण्यासारखा होता, सॉफ्टवेअरही होतं. आधी कोणी काढून पाहिला नाही, एवढंच.

मला कंपनीत 'वहीवाले' म्हणायचे. ड्रॉइंग अडवून ठेवतो अशी तक्रार वर गेली, बढती दुसऱ्याला मिळाली. त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण माझ्या टेबलावर गेला तर तास जायचा. औशाच्या शेतात फण मोडला तर वापसा जातो, आणि वापसा काही वॉरंटीत बदलून मिळत नाही. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही माझंच खरं म्हणतो. खंत वेगळीच आहे. माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली, पण वहीला चिकटून राहिलेली बोटांवर मोजण्याइतकीच.

तुझ्यावर चिडतोय असं वाटेल. चिडतोयच. तू त्या बोटांवरच्यांत यावीस म्हणून.

अजून एक राहिलं, आणि हे कोपऱ्यापेक्षा मोठं आहे. ते ३,००० आणलेस कुठून? जुन्या रिपोर्टातून उचलले असतील तर ते काळ्या रानातले की मुरमाड माळावरचे? दगडाला फण अडला की ओढ किती होते? तुमच्या फणाला शिअर बोल्ट असेल तर तो ज्या बळाला तुटतो, त्यापेक्षा जास्त भार ब्रॅकेटपर्यंत पोचतच नाही. मग तेच बळ धर आणि १४४चं काय होतं ते पुन्हा काढ. हातानं.

कंपनीत लायसन्ससाठी रांग असेल तर घरी फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकून घे, ताणाचा हिशेब करणारं कॅल्क्युलिक्स त्यातूनच चालतं, फुकट आहे. रविवारी चिकलठाण्याला ये. येताना शिअर बोल्टचा साइझ आण. वेल्डचा पाय, म्हणजे त्याच्या एका बाजूची लांबी, किती मिलिमीटर भरतात तेही आण, पण ड्रॉइंगवरचा नको. शेडमध्ये जाऊन वेल्डरला विचार, गेज लावून मोज. आणि वही आण, कोरी नको.

तुझा,
काका